खालचा खण

प्रिय अशीलबुवा,

खटला संपून दीड वर्ष झालं तरी मी तुला याच नावानं चिडवते आणि तू मला वकीलबाई म्हणतोस. आज चिडवायची इच्छा नाही, पण दुसरं काही लिहायला हात धजत नाही.

मी अजून तुझ्या उजव्या बाजूनंच चालते. डावा कान लहानपणीच्या तापात गेला, असं तू पहिल्या भेटीत सांगितलंस आणि मी सगळा बचाव त्या कानावर उभा केला. तुझ्या थोरल्या भावाचा त्याच्याच लाकडाच्या कारखान्यात खून झाला, त्यात तुझ्याबरोबर तिथले सुतारकाकाही आरोपी. ते कोर्टात सांगत राहिले, मालकांनी आतून हाक मारली, धाकटे ‘आलो दादा’ म्हणाले आणि आत गेले. मी त्यांना सोलून काढलं. उजवीकडे करवत घरघरतेय, डावा कान बहिरा, मग हाक ऐकली कुणी? म्हातारा नुसता घाम पुसत राहिला. तू सुटलास, त्यांना जन्मठेप झाली. त्या संध्याकाळी तू माझा हात धरलास आणि मी धरू दिला. इतकी वेडी मी कॉलेजातही नव्हते.

तोंडावर मनातलं बोलायला मला कधी जमलं नाही. म्हणून मी अधूनमधून तुझ्या डाव्या बाजूला येऊन पुटपुटायचे. तुला ऐकू जायचं नाही, मला मोकळं वाटायचं. एकदा म्हणाले, आईची शिलाई मशीन विकायला नको होती. आठवड्यात तशीच मशीन दारात हजर. जुन्या बाजारात सहज दिसली म्हणालास. मी आनंदानं रडले. दोन दिवसांनी भांडी घासताना लक्षात आलं, मशीनचं मी फक्त तुझ्या डाव्या कानाला सांगितलं होतं.

साक्षीदाराला बोलतं कसं करायचं हे मला शिकवायला नको. गेल्या मंगळवारी बागेत मी डाव्या कानाशी पुटपुटले, सुतारकाकांनी तुरुंगातून पाठवलेला लखोटा माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहे. त्यांनी काहीच पाठवलं नव्हतं. लखोट्यात मी कोरा कागद घातला होता. माझ्या घराची किल्ली फक्त तुझ्याकडे. बुधवारी कोर्टातून आले, तर लखोटा गायब. संध्याकाळी तू हसत आलास आणि मी नेहमीसारखी उजवीकडे बसले. मला तुझी किळस आली. त्याहून जास्त माझी.

सोमवारी काकांचं अपील आहे. अशील म्हणून तू सांगितलंस ते माझ्या पोटातच राहील, पण हे मी तुझी होणारी बायको म्हणून पाहिलंय आणि ते मी सांगणार आहे. सनद गेली तर जाऊ दे. आज सकाळी तुझ्या शर्टाचं बटण लावताना डाव्या कानाशी म्हणाले, काकांचा खरा कागद आता त्याच खणात ठेवलाय. तो हा. काकांचे नवे वकील दोन पंच घेऊन शेजारच्या खोलीत बसलेत. वाचून झालं की किल्ली खणात ठेव. तू येऊच नयेस, हे पत्र कुणी वाचूच नये, असं मात्र लिहिताना सारखं वाटतंय.

कालपर्यंत तुझीच,
वकीलबाई