अक्का, तू जागी होतीस

माझी अक्का,

तुला जाऊन चौदा वर्सं झाली. इतक्या वर्सांत तुला एक ओळ लिहिली न्हाई, अन् आज दवाखान्याच्या पाठकोऱ्या चिठ्ठ्यांवर लिहून राह्यले. का? तर त्या दिवशी तू सगळं ऐकत होतीस, हे मला परवा कळलं.

आम्ही आता भोकरदनला असतो. हे इथल्या दवाखान्यात कंपाउंडर आहेत. हे म्हणजे तुझेच ते. ज्यांना मी दाजी म्हणायची, त्यांना आता 'हे' म्हणते. जिभेला अजून सवय न्हाई बघ.

मागच्या आठवड्यात कोंडिबा धनगराला खाटेवर घालून आणलं. मण्यार चावल्ती. पापण्या मिटलेल्या, हात उचलला की धपकन खाली, तोंडातून शब्द न्हाई. भाऊ उशाशी बसून रडत होता अन् रडता रडता शेळ्या-मेंढरांची वाटणी बी करत होता! डॉक्टरसाहेब अन् हे, दोघं आळीपाळीनं त्याच्या छातीवर दाब देत राह्यले, श्वास तुटू दिला न्हाई. तिसऱ्या दिवशी कोंडिबा बोलला. पहिला शब्द काय? "काळी शेळी सासऱ्याला देतो व्हय रे, भाड्या!"

सगळे पोट धरून हसले. मी चहाची किटली घेऊन आल्ते, ती खाली ठेवली अन् तिथंच बसले.

डॉक्टरसाहेब हैदराबादेत उर्दूतून डाक्तरी शिकलेले. मराठी बोलतात, पण आपल्या तऱ्हेची. मी इचारलं, "साहेब, मेल्यावानी पडलेल्याला ऐकू कसं येतं?"

"मेला कुठं होता, बाई? दिमाग बिलकुल जागा. नस बी जागी. पण नस मांसाला चिकटलेली नसते, मधी बारीक फट असते. हात हलव, हा हुकूम नसेतनं येतो अन् त्या फटीपाशी थांबतो. तिथं नसेच्या टोकातनं एक रस सुटतो, तो पलीकडं हुकूम पोचवतो. केळना नदीला पूर आला की टपालवाला पोटाला भोपळे बांधून पोहत पलीकडं जातो ना, तसा! मण्यारीचं जहर त्या टपालवाल्यालाच धरतं. मंग आतला माणूस वरडून वरडून मरतो, बोट हलत न्हाई. कानाचं काम मात्र बराबर चालू."

अक्का, मला तुझा दिवस आठवला.

पिंपळगावची ती सकाळ. तुझी यमू दोन महिन्यांची, तिला सांभाळायला मी तुझ्या सासरी येऊन राह्यलेली. तू उठलीस अन् म्हणालीस, "चंद्रे, डोळे उघडंनात गं, पोटात बी दुखून राह्यलंय." सासू म्हणाली, "पोरीनं रातभर जागवलं असंल, नीज घटकाभर." अन् तू निजलीस! घरात खाट असताना भुईवर का निजायचीस? सगळ्यांचं मुकाट ऐकायचीस, हाच तुझा खोटा गुण. गोधडी झटकली तव्हा ते काळं, पांढऱ्या पट्ट्यांचं जनावर निघालं. दुखत न्हाई म्हणे त्याचा दात, मुंगी चावल्यावानी.

तुला मारुतीच्या पारावर नेलं अन् विष चढलंय का बघायला तोंडात कडुलिंबाचा पाला कोंबला. तो तुला चावता येईना, लाळ गळायला लागली. दाजी मांत्रिकाला आणायला गेलते. दुपारपर्यंत तू हलेनाशी झालीस अन् सासू म्हणाली, "गेल्यातच जमा हाय. आता लेकराचं बघा. धाकटी हाय की, घरातल्या घरात होईल."

तुझ्या उशाशी, अक्का! अन् यमूला आणून माझ्या मांडीवर टाकली.

मी तेरा वर्सांची. भ्याले, चिडले. तिला खाली ठेवून वरडले, "मला न्हाई पायजे हिची पोर! मरू दे तिला बी!"

तव्हा तुझ्या मिटल्या डोळ्यातून पाणी आलं. सासूनं पदरानं पुसलं. म्हणाली, जीव जाताना येतंच.

काल मी परत डॉक्टरसाहेबांकडं गेले. इचारलं, बोट हलत न्हाई तर डोळ्याला पाणी कसं येतं? ते म्हणाले, "वो नसां अलग रहते, बाई. त्यांच्यावर ह्या जहराचा जोर चालत न्हाई. रोया सो सच्ची रोया, रडणारा खरंच रडला."

वर्स पुरं व्हायच्या आत मला तुझ्या जागी उभं केलं. मला कुणी इचारलं न्हाई. डोकं जागं, कान जागे, अन् मंगळसूत्र गळ्यात पडेपर्यंत माझ्या तोंडातून एक शब्द निघाला न्हाई. मला तर कुठलं जनावर चावलं नव्हतं! तव्हापासून मी ह्या घरात तशीच हाय. हे माणूस म्हणून वाईट न्हाईत, पण मला इथून उठून कुठं जाता येत न्हाई.

खरं सांगू? पहिली दोन वर्सं यमूला मी सासूच्या धाकानं कडेवर घ्यायची. मंग तिला गोवर आला. तिचं अंग तापलं अन् रातभर मी तिला मांडीवरनं खाली ठेवली न्हाई. तव्हा कळलं, ही गेली तर मी बी जगायची न्हाई. आता ती तुझ्याहून उंच झालीय. भाकरी वाकडी थापते अन् वर मलाच हसते.

हे तुला तव्हा सांगायचं होतं गं. ऐकत होतीस तव्हा मी तसलं बोलले, अन् आता चांगलं बोलते तर तू कुठंच न्हाईस!

यमूला मी आजवर सांगत आले, की तुझी आई झोपेतच गेली, तिला काही कळलं न्हाई. अक्का, शब्द देते. उद्या तिची वेणी घालताना सगळं सांगीन. तू जागी होतीस, ते पाणी तिच्यासाठी होतं, अन् 'मरू दे' म्हणणारी मीच होते. तिनं तोंड फिरवलं तर फिरवू दे. त्याउप्पर मला आई म्हणायचं का न्हाई, ते तिचं ती ठरवील.

तुझी धाकटी,
चंद्रा