शंकासुराने विचारलेलं

१० नोव्हें. ५८, मुंबई
गोदीत बोटीचा गंज खरवडून हात सोलले. सोनू नि मी एकाच फळीवर बसून बोटीच्या अंगाला लोंबकळतो, जेवतोही एकाच ताटात. इथे कोण विचारतोय. गावात त्याचं घर महारवाड्यात, आमचं देवळाकडे. जत्रेला बरोबर जाऊ म्हटलं तर म्हणतो, "तू आत, मी वडाखाली. मगे बरोबर ता खंय रे?"


२७ नोव्हें., घरी
देवगडला उतरून दोघे चालत आलो. पाणंदीच्या तोंडाशी सोनू आपोआप मागे राहिला.
मामाला गाठलं. मामा जत्रेतल्या दशावतारी नाटकात शंकासूर होतो. त्याचं बोलणं लिहिलेलं नसतं. आयत्या वेळी सुचेल ते. भटाची टर, मानकऱ्यांना चिमटे, सगळं माफ. म्हटलं, "मामा, सोनू भायर कित्याक उभो, ता विचार तू."
मामाने विडी विझवली. "झिला, शंकासुराचा कोण खरा मानता?"
पण नाही म्हणाला नाही.

३० नोव्हें.
काल जत्रा. मामा बोलला. सोंगातल्या भटाला म्हणाला, "देव सगळ्यांचो मां? मगे तो वडाखालचो सोनू मुंबैत माझ्या भाच्याच्या ताटात जेवता, हय इलो तर देवाक काय खरूज होतली?"
लोक हसून लोळले. मानकरी पोट धरून. सगळ्या माना वडाकडे. मामाने सोंगाचा आवाज टाकला, साध्या आवाजात पुन्हा विचारलं. तर अधिकच हसले.
मी पण हसलो. हसू आलं नव्हतं.
सकाळी आई, "ताटाचा खरा काय रे?"
"गो आये, खेळातला ता."
मागल्या अंगणाच्या कडेला सोनू. परतीच्या बोटीचं विचारायला आलेला. न विचारताच गेला.

२ डिसें., बोटीवर
सोनू दुसऱ्या टोकाला. गेलो जवळ. "मामान तुझ्यासाठीच..."
"मामाचा काय नाय. तो दोनदा बोललो. तू येकदाच बोललंस, ता आयकलंय."
 नंतर झोपला, किंवा तसं दाखवलं.

९ डिसें., मुंबई
मुकादमाला सांगून सोनूने फळी बदलून घेतली. आता बोटीच्या पलीकडच्या अंगाला असतो.

१९ डिसें.
मामाचं पत्र, नाटक कंपनीतल्या कोणाकडून लिहून घेतलेलं. तीन गावांचे निरोप आलेत, ताटाचा विनोद हवाच. मामा म्हणतो, मी विनोद केला नव्हता. आता बोलू की नको, सोनूला विचार, तो म्हणेल तसं. पंधरवड्याने कुणकेश्वराकडे खेळ आहे.

२२ डिसें.
पत्र अजून खिशात.
आज सोनू नळावर हात धूत होता, एकटाच. मागे जाऊन उभा राहिलो. त्याने पाहिलं. नळ तसाच चालू ठेवून गावातल्यासारखा चार पावलं लांब सरकला. चेष्टा की काय, कळेना. चेहऱ्यावर काही नाही.
हात धुतले. विचारलं नाही.
उद्याच्या टपालात उत्तर पडलं नाही, तर मामाला ते स्वतःच ठरवावं लागेल.