वरची खोली वन्संची

मी, शेवटी सही करणारी, वय पन्नासच्या पुढे, धंदा पुठ्ठ्याची खोकी बनवणे, शिक्षण चौथी आणि तीही पुरी नाही, माझ्या हाताने लिहून ठेवते ते असं. माझं डोकं ठिकाणावर आहे. पोटातली गाठ पसरली असं डॉक्टर म्हणाले, डोक्याचं काही म्हणाले नाहीत. मला कुणी भरीला घातलेलं नाही आणि धाक दाखवलेला नाही. मला धाक दाखवायला गेलेली माणसं या गल्लीत आहेत, त्यांना विचारावं.

वकिलांनी नमुन्याचा कागद दिला होता. त्यात पहिलंच वाक्य जीवन क्षणभंगुर असल्याचं होतं. ते मी गाळलं. क्षणभंगुर असतं तर एवढे हप्ते फेडून झाले नसते. याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही, कारण ठेवून जाण्यासारखं माझं असं काही नव्हतंच. सगळं बँकेचं होतं.

कलम एक. घर.

खाली पुढची खोली, म्हणजे कारखाना. मागे स्वयंपाकघर. बाहेरून लोखंडी जिना आणि वर पत्र्याची एक खोली. हे सगळं गेल्या वर्षापर्यंत बँकेकडे तारण होतं, आता सुटलं आहे. माझ्यावर कुणाचं काही देणं नाही. वाण्याचं असेल थोडं, ते मुलीने देऊन टाकावं.

हे घर माझ्यामागे माझ्या एकुलत्या एक मुलीचं. पण वरची खोली, जिना आणि अंगणातला नळ माझ्या थोरल्या नणंदेचा, त्या असेपर्यंत. त्यांना कुणी भाडं मागायचं नाही, कुणी उठवायचं नाही, खोली विकायची किंवा गहाण टाकायची नाही. त्यांच्यामागे मग सगळंच मुलीचं.

मुलीला हे फोनवर आधीच सांगितलं. ती म्हणाली, "आई, आत्या अकरा वर्षं आपल्या घरात पाऊल टाकत नाही. ती कशाला येईल राहायला?" म्हणूनच लिहिते आहे, बाई. तोंडाने सांगून झालं.

वकील म्हणाले, कारण लिहायची गरज नसते. मला आहे. मी कारण लिहिणार, आणि वन्संना हे वाचून दाखवायचं.

कारण असं.

माझे यजमान लहान असतानाच आईबाप गेले. वन्संनी इस्पितळात आयाचं काम धरलं आणि भावाला वाढवलं. स्वतःचं लग्न राहून गेलं. राहून गेलं म्हणजे काय, यांची शाळा, यांचं पहिलं मशीन, यांचं लग्न, हे आधी करत बसल्या. यांनी पहिलं मोठं खोकं जोडलं तेव्हा ते धरेल की बसेल हे बघायला वजन पाहिजे होतं. घरात वजन एकच, वन्सं. "ताई, चढ गं," म्हणाले. त्या चढल्या. खोकं धरलं. तेव्हापासून आमच्या कारखान्याची रीतच पडली. नवीन मापाचं खोकं निघालं की वन्संना निरोप जायचा, त्या ड्यूटी संपवून यायच्या, चपला काढायच्या आणि खोक्यावर उभ्या राहायच्या. खोकं बसलं तर म्हणायच्या, "पुठ्ठा हलका घेतलास. माझ्या नावाने रडू नकोस."

मग आम्ही कर्ज काढलं. बूट बनवणाऱ्या एका कंपनीची मोठी ऑर्डर होती, तिच्यासाठी दोन मशिनं घेतली, घर तारण ठेवलं. कंपनी बुडाली. तिचा माल आमच्याकडे छतापर्यंत रचलेला, आणि पैसे नाहीत. त्या वर्षी आमच्या गल्लीत निम्मे लोक बुडाले. समोरचा छापखानेवाला बुडाला, कोपऱ्यावरचा सुतार बुडाला.

आमचे दोन हप्ते थकले. बँकेचा माणूस सांगून गेला, महिनाअखेरीला तिसरा थकला की दारावर नोटीस चिकटवणार. यांनी जेवण सोडलं. मी म्हटलं, चिकटवू दे, आपल्याकडे खळ काही कमी नाही, हवी तर मी देते. हे हसले नाहीत.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी वन्सं आल्या. दुपारची वेळ, बँक बंद व्हायला थोडा अवकाश होता. स्वतःची खोली घ्यायला त्यांनी साठवलेले पैसे होते. इस्पितळाच्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळून आणले होते. हे घेईनात.

"ताई, हे तुझ्या खोलीचे आहेत."

"खोली पुढच्या वर्षी घेईन. घे मुकाट्याने. दारावर कागद लागला तर मी कुठल्या तोंडाने येऊ या घरात?"

यांनी एक हप्ता भरला. त्या रात्री पोटभर जेवले.

दोन महिन्यांनी सवलत आली. छोट्या धंदेवाल्यांना दिलासा, असं पेपरात होतं. व्याज माफ, मुद्दल अर्धं भरा, उरलेलं बँक वहीतून काढून टाकणार. अट एकच. मागच्या त्या महिनाअखेरीला तीन किंवा जास्त हप्ते थकलेले पाहिजेत. तीच तारीख. आमचे दोन थकलेले होते.

हे बँकेत गेले, मी बरोबर होते. साहेब चांगला होता, खुर्ची दिली. म्हणाला, "तुम्ही बसत नाही यात. तुमचं खातं चांगलं आहे."

"चांगलं आहे, मग सवलत का नाही?"

"चांगलं आहे म्हणूनच नाही."

तेव्हा हे जे बोलले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही, आणि आता मरेपर्यंत फार वेळ नाही म्हणून लिहून ठेवते. हात जोडून म्हणाले, "साहेब, तो एक हप्ता मला परत द्या. भरलाच नाही असं करा. माझ्या बहिणीचे आहेत ते."

शेजारच्या खिडकीतला कारकून हसला. त्याला वाटलं हे गंमत करत आहेत. साहेब हसला नाही, पण त्यानेही नियमाचा कागदच पुढे केला. मला वाचता येतं तेवढं मी वाचलं. एका हप्त्याने आम्ही सज्जन ठरलो होतो.

पुढे तिसरा थकला, मग चौथा. मग नोटीसही चिकटली. म्हणजे ज्यासाठी ते पैसे भरले तेही राहिलं नाही. वर्ष संपायच्या आत हे गेले. खोक्याला तार मारता मारता स्टुलावरून खाली आले. मला वाटलं तार शोधताहेत.

यांना उचलायच्या आधी, सगळे जमलेले असताना, आमच्या मावससासूबाई मोठ्याने म्हणाल्या, "बहिणीच्या पैशाने घात केला हो. ते भरले नसते तर पोरगा आज हिंडताफिरता असता." वन्सं यांच्या पायाशी बसल्या होत्या. उठल्या, चपला घातल्या, आणि उंबऱ्याबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. तिथूनच तिरडीच्या मागे मागे चालत गेल्या. त्या दिवसापासून आत नाहीत. मुलीच्या लग्नालासुद्धा मांडवाच्या दारातून आशीर्वाद देऊन गेल्या. महिन्याला एकदा जिन्यापाशी पिशवी ठेवतात, फळं, औषधं, मला दुखण्यावर काय काय. मी हाक मारेपर्यंत गल्लीच्या टोकाला पोचलेल्या असतात. त्या वयाच्या बाईला एवढं भराभर चालता येतं हे मला आवडत नाही.

आता त्या निवृत्त होणार आहेत. इस्पितळाची खोली सोडावी लागेल. स्वतःची खोली त्यांनी कधीच घेतली नाही, कारण ती आमच्या एका हप्त्यात गेली. म्हणून वरची खोली त्यांची आहे. ही मेहेरबानी नाही.

वन्सं, ऐका. ती तारीख कुणालाच माहीत नव्हती. मागून ठरवली. बँकेला माहीत नव्हती, तुम्हाला कुठून असणार? यांनी तुम्हाला कधी बोल लावला नाही. शेवटपर्यंत म्हणायचे, त्या एका रात्री मला झोप लागली ती ताईमुळे. मी हे तुम्हाला गल्लीत ओरडून सांगायचे, पण तुम्ही थांबतच नाही.

कलम दोन. मशिनं.

पुठ्ठा कापायचं मशीन आणि तार मारायचं मशीन कामाला येणाऱ्या दोघी बायकांचं, निम्मं निम्मं. भांडल्या तर विकून पैसे वाटून घ्यावे, पण भांडू नये. कापायच्या मशिनीचा डावा बोल्ट दर आठवड्याला आवळावा लागतो. कर्ज मी याच मशिनींवर फेडलं, सगळं, व्याजासकट. बल्बची खोकी, औषधांची खोकी, मिळेल ते. शेवटचा हप्ता भरला तेव्हा बँकेतली नवी पोरगी अभिनंदन म्हणाली. मी पासबुक घेऊन बाहेर आले. तिचा काय दोष, ती तेव्हा शाळेत असेल.

कलम तीन. बचत.

पासबुकात आहे ते दवाखान्याचा खर्च भागवून उरेल तेवढं मुलीचं. पोरी, तुला दुकानासाठी कर्ज काढायचं आहे, मला ठाऊक आहे. काढू नकोस असं मी म्हणत नाही. पण नडलीस तर लपवू नकोस. आधी बँकेत जा, विचार, चार ठिकाणी विचार, लाज धरू नकोस. तुझ्या बापाने लाज धरली. आणि नात्यातल्या माणसाची पुंजी त्यात घालू नकोस. पैसा बुडाला तर बुडाला, माणूस जिन्यावरून परत जातं.

कलम चार. जुनी येणी.

समोरच्या छापखानेवाल्याला सवलत मिळाली. त्याचे पाच थकले होते. मिळाली त्या संध्याकाळी आमच्या दारात येऊन म्हणाला, "वहिनी, मी भरायची चूक केली नाही बघा." सवलत घेतली यात त्याचा काही गुन्हा नाही, त्याचीही पोरं होती. पण त्याने ते हसत म्हणायला नको होतं, हे आतून ऐकत होते. पुढे त्याने लेबलांचं काम आणून दिलं, अजून देतो. त्याला मी काही ठेवत नाही. आमच्या भिंतीत त्याचं पाणी मुरतं, त्याची नालिश मात्र मुलीने करू नये. फिटलं.

मावससासूबाई आता अंथरुणाला खिळल्या आहेत आणि त्यांना काही आठवत नाही. सोयीचं आहे. त्यांच्यावर माझा राग आहे आणि तो मी कुणाच्या नावाने करत नाही, बरोबर घेऊन जाते.

कलम पाच. मी गेल्यावर कारखाना त्या दिवशी बंद ठेवावा. दुसऱ्या दिवशी औषधवाल्याची ऑर्डर आहे, ती पुरी करावी.

कलम सहा. हे सही करायच्या आधी, आत्ताच लिहिते आहे.

साक्षीदार म्हणून डॉक्टर आणि आमचा पुठ्ठेवाला दोघेही आले आहेत, टेबलापाशी बसले आहेत. वन्संना मी निरोप धाडला होता की सहीला माणूस कमी पडतो. खोटं होतं. त्या आल्या, दारात थांबल्या. वकिलांनी पहिलं कलम दारापर्यंत ऐकू जाईल असं वाचलं. मग वन्संनी वकिलांना विचारलं, "ज्याला मिळणार त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर?"

वकील म्हणाले, "मग त्याचं मिळणं वादात जातं. शक्यतो करू नये."

"बरं," म्हणाल्या. आणि उंबरा ओलांडून, अकरा वर्षांनी, सरळ टेबलापाशी आल्या. "आण इकडे पेन. साक्षीदार मीच होते."

मी पेन पाठीमागे धरलं. म्हटलं, "वन्सं, तुम्ही बुडवायला आलात का मला?"

"मला नको खोली. मी त्याचं घेतलं तेवढं पुरे."

"तुम्ही घेतलं? तुम्ही दिलंत!"

"देऊनच घेतलं ना गं," म्हणाल्या, आणि बसायला काही आहे का बघू लागल्या. हे गेल्यापासून स्टूल मी घरात ठेवलेलं नाही. औषधवाल्याचं नवीन मापाचं खोकं भिंतीशी होतं. मी म्हटलं, "बसा तिथे. अजून कुणी चढून बघितलेलं नाही."

त्या बसल्या. पेन मी पुठ्ठेवाल्याला दिलं.

खोली घेईन असं त्या म्हणालेल्या नाहीत. वर जायला जिना अजून चांगला आहे का, एवढं विचारलं. आहे म्हणून सांगितलं.

हे सगळं मी वाचून पाहिलं, वकिलांनी वाचून दाखवलं, आणि हे माझंच म्हणणं आहे.

ठिकाण: याच घरात, पुढच्या खोलीत, पुठ्ठा कापायच्या टेबलावर.
दिवस: शनिवार, दुपार. तारीख वकिलांनी खाली शिक्क्यात घातली आहे.

लिहून ठेवणारी: खोकेवाली. (सही)

साक्षीदार पहिले: डॉक्टर. शुद्धीवर असल्याचं त्यांनी वेगळं लिहून दिलं आहे. (सही)

साक्षीदार दुसरे: पुठ्ठेवाला. (सही)

हजर, पण सही करू दिलेली नाही: माझी नणंद. खोक्यावर बसल्या आहेत. खोकं धरून आहे.