लिंबाएवढा गोळा

मंगळवार, सांजच्याला. चाकण.

जनावरांची डॉक्टरीण म्हणली, बोक्याला टेन्शन हाय, म्हणून लघवी अडती. तुंबली तर जीवावर बेतंल. औषध दिलं, तरी वाळूत थेंबच. बोक्याला कसलं टेन्शन? मग मीच ध्यान ठेवलं. पोराची शिफ्ट दर हप्त्याला बदलती, तशी बोक्याची खायची येळबी बदलती. वाळूचा टब वॉशिंग मशीनला खेटून. मशीन घरघरलं की हा पळतो.

टब माझ्या खाटेमागं वढला. खाणं सातला म्हंजी सातलाच. आठ दिस झाले. ही वाळू लघवीनं भिजली की गोळा धरती; आज वाळूत लिंबाएवढा गोळा! सुनेला हाक मारली.

"आई, मुताचं काय दाखवताय?" म्हणली, अन् तिनंच फोटो काढून डॉक्टरणीला धाडला.

खाटेमागं वास मारतोय. मारू दे. लिंबाएवढा व्हता, चांगला रसरशीत लिंबाएवढा.