पडद्याची मोटर का तापते

३ नोव्हें., सोम.
पडद्याची मोटर पुन्हा बंद. ऑफिसातून आले ती चपलांसकट आईच्या खोलीत. तोच वास, तापलेल्या प्लॅस्टिकचा. डबी उघडून मोटर चालवणाऱ्या चिपवर बोट टेकवलं. फोड येणार.
आईजवळ दिवसभर मंदाताई असतात. म्हणाल्या, "जेवणापर्यंत चांगली चालत होती. मग नुसतीच घुमायला लागली."
आईला विचारलं, "काय झालं गं?"
"काय... माहीत."
अर्धांगाचा झटका आल्यापासून तिचे शब्द एकेक करून येतात. हे दोन जरा लवकर आले.

५ नोव्हें., बुध.
रविवार कारंज्याच्या बाजारातून नवी चिप आणली. जुनीसारखीच. सॉकेटमध्ये बसवली, वर ॲल्युमिनियमचा तुकडा चिकटवला, उष्णता जायला.
हा खटाटोप कशासाठी, ते स्वतःलाच परत सांगते. पावसाळ्यात एकदा आई दुपारभर डोळ्यांवर ऊन घेऊन पडून होती. मंदाताई जेवत होत्या, त्यांना उठवायचं नाही म्हणून. त्या आठवड्यात पडद्याला मोटर लावली. डिप्लोमाचं शिक्षण इतक्या वर्षांनी वापरलं. विम्याच्या ऑफिसात कोण सोल्डर करतं. रिमोटला दोन बटणं, उघड आणि बंद. दाबून धरलं की मोटर फिरते, सोडलं की थांबते. डाव्या हातानं तिला सहज जमतं. उजवा गेलाच आहे.
दादाचा फोन. रविवारी सोळा तारखेला येतो म्हणाला, आईला सटाण्याला त्याच्या घरी न्यायला. विचारलं नाही, सांगितलं.

८ नोव्हें., शनि.
सकाळपासून मोटरपाशी. पडद्याच्या दांडीला शिलाई मशीनचं तेल दिलं. उघड, बंद, उघड, बंद. चिप कोमट, बस. मीटर लावला, पडदा सरकताना करंट अगदी बेताचा. मग जळते कशानं?
एकाच प्रकारे. पडदा टोकाला पोचला, तरी बटण दाबलेलंच. मोटर अडते, जोर लावत राहते, करंट चिपला झेपेना इतका चढतो. हेही करून पाहिलं, लगेच चटका.
पण असं कोण करेल? पडदा उघडलेला समोर दिसतो. आईला चालवायला सांगितलं. दाबलं, पडदा उघडला, सोडलं. चोख.
मंदाताईंवर संशय घेतला मनात. त्यांना रिमोट कुठे असतो तेही नीट माहीत नाही. चिडचिड होतेय, ती कुणावर तरी काढायची म्हणून.

९ नोव्हें., रवि.
मी घरी, म्हणून अर्थातच काही तापलं नाही.
दादाचा व्हिडिओ कॉल. "आई, कशी शे?" "बरी... शे." त्याच्याशी बोलताना तिची सटाण्याची बोली परत येते.
मग मला म्हणाला, "ते वायरींचं आधी बंद कर. पलंगाजवळ काही पेटलं तर ती उठून पळणार आहे का?"
मी म्हटलं, बारा व्होल्ट आहेत. पण रागावले ते त्याचं बरोबर होतं म्हणून.
"इथं तुझी वहिनी आहे, दोन सुना आहेत. एक हाक मारली की पडदा उघडतील. तू दिवसभर बाहेर. तिला कोण?"
फोन ठेवल्यावर आई छताकडे बघत म्हणाली, "तिकडे सगळं... हातात देतात."
कौतुक की तक्रार, कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

११ नोव्हें., मंगळ.
आज नवी चिपही तडकली. मधोमध. ॲल्युमिनियमचा तुकडा गळून पडलेला. मंदाताई म्हणाल्या, "मी खिचडी लावत होते. वास आला तशी पळत आले, वायर उपटली."
त्या होत्या म्हणून. नसत्या तर?
आईला सांगितलं, दुरुस्त होईपर्यंत मोटर बंद. ती रात्रीची जेवलीच नाही. दोन घास, मग तोंड मिटलं.
दादाला फोन करून "ये, घेऊन जा" म्हणावं असं वाटलं. नंबर काढलाही. मला आई इथे हवीय, की आईला इथे राहायचंय, हे मी कधी नीट

१३ नोव्हें., गुरु.
अर्धी रजा. मोटर चालवायला जास्त ताकदीची चिप आणली. डबी पलंगापासून लांब, दाराजवळच्या भिंतीवर नेली. फ्यूज घातला. आता चिप जळायच्या आधी फ्यूज जाईल. पण कारण कळल्याशिवाय चैन पडेना. आईला म्हटलं, "मी जरा गंगापूर रोडला जाऊन येते." दार ओढलं, जिना अर्धा उतरले आणि परत आले. किल्ली हळूच. मंदाताईंना ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. आईच्याच घरात चोरासारखी.
दाराच्या फटीतून पाहिलं.
आईनं डाव्या हातानं रिमोट उचलला. पोटावरून ओढत उजव्या हाताकडे नेला. उजव्या हाताची बोटं एकेक करून त्याभोवती बसवली. अंगठा बटणावर ठेवला. मग डावा हात बाजूला घेतला आणि डोळे मिटले.
पडदा सरकला.
उजव्या हातानं. सगळ्यांनी सोडून दिलेल्या हातानं.
पडदा टोकाला गेला. मोटर घुमायला लागली. अंगठा उठेना. आईचा चेहरा लाल, कपाळावर घाम, सगळा जीव त्या एका अंगठ्यात. उठेना. शेवटी डाव्या हातानं तिनं तो बटणावरून सोलून काढला. श्वास घेतला. आणि परत बसवला.
दाबता येतं. सोडता येत नाही.
मी आत गेले नाही. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि तोंड धुतलं.

१४ नोव्हें., शुक्र.
फिजिओथेरपीच्या मॅडमना फोन केला. म्हणाल्या, "दाबता येतंय ही मोठी गोष्ट. सोडणं वेगळं असतं, अवघड असतं. येईल असं मी म्हणणार नाही. येणार नाही असंही नाही."
उपाय सरळ आहे. पडदा टोकाला गेला की मोटर आपोआप बंद करणारा खटका. दहा मिनिटांचं काम. बसवायला स्टुलावर चढले आणि थांबले. घुमणं थांबलं की अंगठा सुटला, हे तिला आवाजावरून कळतं. तो आवाजच मी काढून घेतेय.
मग खटक्याबरोबर रिमोटवर छोटा हिरवा दिवाही बसवला. बटण दाबलेलं असेल तोवर तो लागणार, मोटर चालू असो वा नसो.
संध्याकाळी रिमोट तिच्या हातात दिला. "मोटर आता स्वतःच थांबते. बटण सुटलं का, ते दिव्यावर बघायचं."
तिनं दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तू... बघितलंस."
"हो."
मग, "दादाला... नको सांगू."
"का?"
"झाल्यावर."

१६ नोव्हें., रवि.
दादा सकाळीच आला. गाडीत मागच्या सीटवर गादी घालून आणलेली. वहिनीनं डबा दिलेला. चहा होईपर्यंत आईचे कपडे कुठले भरायचे यावर आलासुद्धा.
आई म्हणाली, "थांब. बस."
तो पलंगाशेजारी बसला. तिनं रिमोट उजव्या हातात घेतला. दादा बघत राहिला. पडदा उघडला, खोलीत ऊन आलं, मोटर थांबली. दिवा लागलेलाच.
"सोडते," आई म्हणाली.
आम्ही तिघं त्या दिव्याकडे बघत. दादानं तिच्या चादरीचं टोक मुठीत धरलं होतं, त्याला पत्ताही नव्हता. चहा उतू गेल्याचा वास आला, कुणी उठलं नाही.
दिवा विझला.
दादानं तोंडावरून हात फिरवला. उठून गॅलरीत गेला. आल्यावर म्हणाला, "वर्ष संपू दे. मग बघू." गादी तशीच घेऊन गेला.
मी पलंगाच्या डाव्या बाजूला उभी होते. दिवा विझायच्या आधी चादरीखाली तिचा डावा कोपर उजव्या हाताकडे हलला. हलला असं वाटलं.
दुपारभर ती झोपली आहे. उठल्यावर विचारीन, किंवा