पोदेर गेला, ग्रूप राहिला

मुळगाव, गुरुवार

ती. मालतीताईस,

आनंदीचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? माझेही तसेच. मोबाइल डिचोलीला दुरुस्तीला दिला आहे, म्हणून पत्र. आमच्या वाड्यावरचा बाबाजी उद्या सावंतवाडीच्या बाजाराला येतो, तो आणून देईल.

अंकिता रविवारी गाडी घेऊन येणार आणि मला कायमची मडगावला नेणार. आई एकटी, तिला बोलायला कोणी नाही, असे तिचे म्हणणे. हे सगळे पोदेराच्या व्हॉट्सॲप ग्रूपमुळे झाले.

सायकलवरून भोंपू वाजवण्याचा कंटाळा आला म्हणून आमच्या पाववाल्या पोदेराने तो काढला होता. सकाळी सहाला ज्याने त्याने पावाचे किती उंडे हवे तो आकडा लिहायचा. (ह्यांना चहात बुडवायला दोन लागत. हे गेल्यावरही मी दोनच लिहीत राहिले. कमी लिहिले असते तर गाव पुन्हा समाचाराला आला असता.) दिवाळीनंतर त्याने भट्टी बंद केली, सर्वांना हात जोडले आणि ग्रूप सोडला. दुसऱ्या दिवशी सहाला शेजारच्या सत्यवतीने सवयीने लिहिले, चार. बाबाजीने लिहिले, सहा, कडक. मी दोन लिहिले. भाजणारा कोणी नाही, हा विषय अजून कोणी काढलेला नाही. पाव सगळे दुकानातून आणतात. पण बाबाजीने नऊ लिहिले की मुलगी माहेरी आली हे कळते, सत्यवतीने तीन लिहिले की मुलगा बोटीवर गेला.

सोमवारी मोबाइल बंद पडला. माझे दोन गेले नाहीत. न्हाणीतून बाहेर येते तर अंगण भरलेले आणि बाबाजी शिडीवरून कौले काढतो आहे.

"आनंदीबाय, जिती आसा मगो?" त्याने वरूनच विचारले.

"आसां. मोबायल मेला. तू सकयल देंव," म्हणत मी त्याला खाली उतरवले.

"मोबायल मेल्यार शेजारणीक सांगूंक तोंड ना?" सत्यवती म्हणाली. पण तोवर तिने अंकिताला फोन करून रडून घेतले होते. म्हणजे मला कोणी नाही हे अंकिताला कळले, ते माझ्या अंगणात भरलेल्या माणसांकडून. (तीन कौले फुटली.)

बाकी ठीक.

तुझी,
आनंदी

ता. क. अंकिता माझे ऐकत नाही, मावशीचे ऐकते. शनिवारी तिला फोन कर.

ता. क. तुझा नंबर ग्रूपसाठी सत्यवतीला दिला आहे. तूही सहाला लिहीत जा. नाही लिहिलेस तर बाबाजी शिडी घेऊन तिकडे येईल. मोबाइल येईपर्यंत माझे दोन सत्यवती आपल्या चारांखाली लिहिते.

ता. क. दोन कुणासाठी, असे अंकिताने विचारले तर पाहुण्यांसाठी म्हण. मी उंडा तोंडात घालत नाही, हे तिला माहीत आहे.