सांकायोची परवानगी

कबानाकोंदे,
६ एप्रिल १९८६

ति. फ्लोरेंतिनाताईस,
इसीद्रोचा सा. न. वि. वि.

आईला घेऊन सुखरूप पोचलो. डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य काटेकोर पाळतो आहे. मीठ नाही, पाणी बेताचं, आणि सांकायो तर नाहीच. मूत्रपिंडं थकली आहेत, त्या आंबट फळाचा रस आता तिला विषासारखा, असं त्यांनी तुझ्यादेखत बजावलं होतं.

पण नेमका आताच कड्यावर सांकायो पिकला आहे. आई दारात बसून खडकांतल्या त्या निवडुंगाच्या जाळ्यांकडे बघत राहते. काल शेजारच्या साबिनामावशींनी शालीत लपवून एक फळ आणलं. मी ते हातातून काढून घेतलं. मावशी म्हणाल्या, पोलिसात का नाही जात रे, इथे कशाला वाया जातोस? आई हसली नाही. म्हणाली, लहानपणी मी हेच तुझ्या तोंडात पिळलं म्हणून तू तापातून उठलास, आणि मला एक फोड मिळत नाही. मी बाहेर जाऊन गाढवाला चारा घातला. तो आधीच घातलेला होता.

कृपा करून डॉक्टरांना विचार, बिया काढून चमचाभर दिलं तर चालेल का? नाही म्हणाले तर पुन्हा विचारणार नाही.

नुसती काळजीच लिहिली, रागावू नकोस. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा धाकटा,
इसीद्रो

आरेकिपा,
१४ एप्रिल

चि. इसीद्रोस अ. उ. आ.

डॉक्टरांना भेटले. त्यांनी तपासणीचे कागद पुन्हा नीट पाहिले आणि म्हणाले, द्या. चमचाभर कशाला, हवं तेवढं द्या. मीठही द्या. तेव्हा आता तिला कशालाच अडवू नकोस, आणि मावशींशी भांडू नकोस. मी मालकीणबाईंकडे सुट्टी मागितली आहे, अजून हो म्हणत नाहीत.

तू वेळेवर जेवत जा. माझी माया तुम्हां दोघांपाशी आहे.

ताई

कबानाकोंदे,
१८ एप्रिल

ति. ताईस सा. न. वि. वि.

बसच्या ड्रायव्हरनं तुझं पत्र चौकात दिलं. तिथेच वाचलं आणि मावशींना ओरडून सांगितलं, परवानगी मिळाली! मावशींनी छातीवर क्रूस काढला. मला वाटलं, देवाचे आभार मानताहेत.

कड्यावर चढलो. चांगलं पिकलेलं फळ निवडलं. गवताच्या जुडीनं काटे झाडू लागलो. एक बाजू झाडून झाली आणि डॉक्टर 'हवं तेवढं' का म्हणाले ते मला कळलं. तिथेच खडकावर बसलो. दुसरी बाजू झाडायला फार वेळ लागला.

आईपुढे फळ ठेवलं. तिनं आधी फळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डॉक्टर काय म्हणाले, हे विचारलंच नाही. माझ्या गालावरून हात फिरवला आणि चमच्यानं सावकाश खाल्लं. आंबटपणानं तिचे डोळे मिटले. अर्धं बाजूला ठेवून म्हणाली, हे फ्लोरेंतिनाचं. तिला लिही, कापलेला सांकायो फार टिकत नाही.

ताई, सुट्टी मिळो न मिळो, तू ये. लोभाचं वगैरे पुढे लिहीत नाही, ड्रायव्हर पत्रासाठी थांबला आहे.

इसीद्रो